कोंबड्यांची न्हाणी

आमच्या घरात आंघोळीसाठी आखलेली, छपराखालची, स्वतंत्र अशी जागा सर्वांत आधी मिळाली ती कोंबड्यांना. माणसं तोवर परसातल्या एका सपाट दगडावर, केळीच्या आडोशाने अंग धुवत होती आणि पुढेही पुष्कळ वर्षं धुवत राहिली. मी पदवीधर होऊन घरी आलो तेव्हाही तो दगड तिथेच होता आणि केळही. आज माझ्या मुलाच्या घरात माणसागणिक एक न्हाणीघर आहे, आणि त्यात जाऊन जो तो घाईने बाहेर येतो. कोंबड्या तसं करीत नसत. कोंबडी धुळीत न्हायला बसली म्हणजे आधी नखांनी जागा उकरते, मग एका कुशीवर कलंडते, पंख फुलवून धूळ पिसांच्या मुळापर्यंत घेते, एक पाय मागे लांब ताणते आणि डोळे अर्धवट मिटून अशी काही पडून राहते की जगातली सगळी कामं तिने उरकली आहेत. मग उठते, अंग झाडते, आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याला आपल्या अंगावरचं सगळं देऊन निघून जाते. इतकं निवांत न्हाणं मला या वयातही जमलेलं नाही.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या शिवेवर होतं. शहापूरच्या कचेरीत गेलो तर ते म्हणत, तुमचं काम मुरबाडला. मुरबाडला गेलो तर ते डोळखांबच्या डोंगराकडे बोट दाखवत. त्यामुळे गावात सरकारचं असं काहीच पोचलं नव्हतं. पोचली होती ती फक्त शाळा, आणि तीही, मला पुढे कळलं, कोणाच्या तरी चुकीनेच. घर कुडाचं, सारवलेलं, वर कौलं. पुढे अंगण, अंगण आणि घर यांच्यामध्ये लांबट पडवी. पहाटे जात्याची घरघर, मग कोंबड्याचं आरवणं, मग बाचं खोकणं, या क्रमाने दिवस उजाडायचा. क्रम बदलला तर आई म्हणायची, आज कायतरी इपरीत हाय. जेवायला नाचणीची भाकर, वालाचं कालवण, पावसाळ्यात सुकट आणि अळू. अंडी घरात रोज निघायची, पण आमच्या ताटात ती पाहुण्यांच्या मागोमागच यायची. पाहुणा अर्धं अंडं ठेवून उठला तर तो आम्हा पोरांना फार मोठ्या मनाचा वाटे.

शेत बाचं होतं, बैल बाचे होते, घरही बाचंच होतं. पण कोंबड्या आईच्या होत्या. आमच्याकडे ती रीतच होती. बाई लग्न होऊन येताना माहेरहून एक तलंग, अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी, घेऊन यायची, आणि पुढे तिचं जे काही खुराड्यात वाढेल ते तिचं. कोंबडी कोणाला द्यायची, कोणती खुडूक बसवायची, कोणती पाहुण्यांसाठी कापायची, यात बाला विचारायची चाल नव्हती. बाही विचारीत नसे. तो फक्त कोंबड्यांवर बोलत असे, आणि आईला काय सांगायचं ते बहुतेक त्यांनाच सांगत असे. "या घरात सगळ्यांना फुकट खायाला मिळतंय," असं तो काळी नावाच्या कोंबडीकडे बघून म्हणायचा. काळी मान वाकडी करून ऐकायची. आई भाकर थापत राहायची.

भांडण पेटलं ते राबावरून. ज्यांनी राब पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताची रोपं जिथे वाढवायची त्या तुकड्यावर आमच्याकडे उन्हाळ्यात शेण, पातेरा आणि झाडांचे टहाळ पसरून, वर बारीक माती टाकून ते सगळं भाजून काढतात. महिना महिना रानातून भारे वाहायचे आणि एका सकाळी वारा बघून पेटवायचं. भाजलेली माती मग पिठासारखी मऊ, काळी आणि उबदार होते. पुढच्या वर्षाचं सगळं खाणं त्या राखेवर अवलंबून. कोंबड्यांना मात्र ती राख देवाने आपल्यासाठीच केली आहे असं वाटे. त्या वर्षी त्यांच्या अंगात उवाही झाल्या होत्या. पिसं फुगवून त्या दिवसभर चोच खुपसत बसायच्या. राब भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी बा शेतावर गेला, तर आमच्या घरच्या झाडून सगळ्या कोंबड्या राबात खड्डे करून लोळत होत्या, आणि कोंबडा मध्यभागी उभा राहून पहारा देत होता.

बा घरी आला तो सरळ खुराड्यापाशी गेला. "ऐका गो बायांनो," तो कोंबड्यांना म्हणाला, "परत एकदा राबात दिसलात तर एकेकीचा रस्सा करीन. सांगून ठेवतंय. मंग मला बोलायचा नाय."

आईने चुलीपुढून उत्तर दिलं, तेही कोंबड्यांनाच. "त्यांच्या अंगात किडं झालं तर त्या काय करतील? मानसाला न्हायाला वढा हाय. त्यांनी जायाचा कुटं?"

"वढ्यावर धाडून दे," बा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आईने न्हाणी करायला घेतली. गोठ्याचं जुनं दार मोडून पडलं होतं, त्याची रुंद फळी तिने पडवीत वळचणीच्या आत आडवी टाकली. चारी बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून काठ केला आणि काठाला आतून चिखल थापला. मग धुळीची तयारी. चुलीतली राख नाचणीच्या पिठाच्या चाळणीने चाळली. ओढ्याची कोरडी वाळू आणली. बांधावर एक जुनं वारूळ होतं, त्याची माती तिला हवी होती, कारण ती सगळ्यांत बारीक. पण वारुळाला हात लावायचा म्हणून तिने आधी त्याला हळद वाहिली, पाया पडली, आणि मगच मला टोपली धरायला लावली. वर निरगुडीचा वाळलेला पाला चुरून टाकला. सगळं हाताने कालवलं आणि पोळपाटावर पीठ सारखं करावं तसं तळव्याने सपाट केलं.

कुंपणापलीकडून हौसाकाकी हे सगळं पाहत होती. ती आमची शेजारीण, आईच्याच वयाची. कोणाच्या घरात काय चाललंय ते त्या घरातल्यांच्या आधी तिला कळे. "अगो चांगुने," ती ओरडली, "कोंबऱ्यांचा हळदीचा चौक भरतेस का काय? नवरा कुठला आनला?"

"तुजा दादला रिकामाच हाय ना," आई म्हणाली. "त्यालाच बसवते."

कोंबड्यांना ती जागा पटायला वेळ लागला नाही. काळी सगळ्यांत आधी गेली, मग तांबडी, मग बाकीच्या. दुपारी ऊन तापलं की पडवीत धुळीचा ढग उठायचा. उवा कमी झाल्या, राबात जाणं थांबलं. फक्त झालं असं, की आमच्या कोंबड्यांनी राब सोडला तो हौसाकाकीच्या कोंबड्यांनी धरला. बाला याचा आनंद मानावा की राग, हे ठरवायला दोन दिवस लागले. शेवटी हौसाकाकीनेच आपल्या कोंबड्या आमच्या पडवीत हाकायला सुरुवात केली, आणि त्यांच्या मागोमाग स्वतःही येऊन बसू लागली. आई रोज दिवेलागणीला धूळ चाळायची, पिसं आणि घाण काढून टाकायची आणि पुन्हा तळव्याने सपाट करायची. अशी गुळगुळीत धूळ समोर असल्यावर मला राहवेना. माझी दगडी पाटी फुटली होती आणि नवी मिळण्याचं चिन्ह नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून धुळीसमोर बसायचो आणि काडीने शाळेतला धडा गिरवायचो. गुरुजी पहिलीच्या मुलांना ग, म, भ, न शिकवीत. मी त्यांच्यापेक्षा बराच पुढे होतो, तरी सुरुवात तिथूनच करायचो, कारण ग छान यायचा. आई अंगणाच्या बाजूने, माझ्या समोर, धान्य पाखडत बसलेली असायची. माझं लिहून झालं की ती सगळं पुसून सपाट करायची. नाही पुसलं तर दुसऱ्या दिवशी काळी पुसायची. माझ्या पुढच्या आयुष्यात पुष्कळ परीक्षकांनी माझ्या लिहिण्यावर फुल्या मारल्या, पण कोणी त्यात लोळलं नाही.

आता शाळेबद्दल. शाळा म्हणजे देवळाशेजारची एक खोली आणि एक गुरुजी. ते मुरबाडकडचे, अंगाने काटकुळे, काळा कोट, उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांच्याविषयी मला फार लिहायचं आहे आणि ते मी वेगळं लिहीन. इथे एवढंच सांगतो, की मी आज जे काही आहे ते त्यांनी गुरं राखणाऱ्या पोरांमागे रानात हिंडून, एकेकाला दंडाला धरून शाळेत आणलं म्हणून आहे. तरी पोरं टिकत नसत. सुगी झाली की निम्मी घरं कामाला बाहेर पडायची, कसाऱ्याच्या घाटाखाली रेल्वेच्या कामावर नाहीतर वीटभट्ट्यांवर, आणि पोरं त्यांच्याबरोबर. पट कमी झाला तर शाळा बंद करून ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेला जोडायची, असं वर बोललं जात होतं. ओढा पावसाळ्यात चार महिने कोणाला पलीकडे जाऊ देत नसे. म्हणजे शाळा जोडली की माझं शिक्षण तिथेच संपलं, हे मला माझ्या वयाच्या मानाने फार स्पष्ट कळत होतं.

त्याच सुमाराला साक्षरतेची लाट आली होती. मोठ्या माणसांना, विशेषतः बायकांना, अक्षरओळख द्यावी असं वरून आलं. जिथे असा वर्ग आहे ती शाळा सहसा बंद करायची नाही, असंही गुरुजींच्या कानावर आलं होतं. त्यांनी वर कळवलं की स्त्रियांच्या वर्गाची तयारी पूर्ण आहे. यात खोटं काही नव्हतं. गुरुजींची तयारी खरोखरच पूर्ण होती. फक्त बायकांना कोणी सांगितलेलं नव्हतं. वरच्यांनी मात्र वर्ग सुरू झाला असा अर्थ घेतला आणि तो पाहायला शाळा तपासणारे साहेब येणार असा निरोप आला.

साहेबांचा यायचा दिवस उजाडला. शाळेच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण, अंगणात शिंपलेलं पाणी, आम्ही धुतलेल्या सदऱ्यांत रांगेत उभे. गुरुजी शहापूरकडच्या वाटेवर डोळे लावून बसले होते. मला त्यांनी आधीच बजावलं होतं की आईला आणि हौसाकाकीला शाळेत बसायला सांग, साहेब आले की मी पुढचं बघतो. मी निरोप सांगायला घरी आलो. आई म्हणाली, "मी बसून काय करू? साहेबानं इचारला तर?" हौसाकाकी म्हणाली, "इचारला तर सांग, मुकी हाय. माजा मी बगते." मी घाबरलो होतो, म्हणून धुळीपाशी बसून ग, म, भ, न लिहून घेतलं. माझ्या परीने ती देवाला हात जोडण्यासारखी गोष्ट होती.

आणि तेवढ्यात साहेब आले. शहापूरकडून नव्हे, ओढ्याकडून. त्यांच्या सायकलचं चाक खडकावर बसलं होतं, म्हणून कोणीतरी दाखवलेल्या जवळच्या वाटेने ते सायकल ढकलत गावाच्या मागच्या अंगाने शिरले, आणि पहिलं घर आमचं. तोरण गावाच्या त्या टोकाला, साहेब या टोकाला. घामाने निथळलेला, पांढऱ्या मिशांचा, खाकी कोटातला माणूस अंगणात उभा राहून म्हणाला, "बाई, पाणी मिळेल का?"

आईने तांब्या आणि गुळाचा खडा दिला. साहेब पडवीच्या कडेवर, अंगणाच्या बाजूला टेकले. पाणी पिता पिता त्यांची नजर फळीवर गेली. तांब्या खाली ठेवून ते वाकले. "धूळपाटी!" ते म्हणाले. "अरे, ही अजून आहे?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगायला हवं, की पाट्या स्वस्त होण्याआधी पोरं फळीवर धूळ पसरून तीवर अक्षरं गिरवायची. साहेबांच्या लहानपणी तसंच होतं. ते सांगू लागले, की त्यांचे वडील विटांचा भुगा चाळून घालायचे, आणि चूक झाली की बोटावर काडी बसायची. बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ झाला. समोर माझी अक्षरं होती, शेजारी सपाट, नीट चाळलेली धूळ होती. याहून चांगली धूळपाटी सबंध तालुक्यात नसावी, यात शंका नाही.

तेवढं ऐकून मी शाळेकडे धावत सुटलो, आणि गुरुजी तितक्याच वेगाने माझ्याबरोबर परत आले. त्यांनी साहेबांना पाहिलं, त्यांना धुळीकडे बघताना पाहिलं, आईला पाहिलं. आदल्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला सत्यावरचा धडा शिकवला होता. त्यांनी कोटाचं वरचं बटण चाचपलं आणि म्हणाले, "हाच तो स्त्रियांचा वर्ग, साहेब."

"घरोघरी?" साहेब म्हणाले.

"पडवीतच. म्हणजे बायकांना कामं सोडून लांब यायला नको."

"कोण कोण आहेत?"

"या चांगुणाबाई," गुरुजी म्हणाले आणि पुढचं नाव शोधू लागले.

"आनि मी," हौसाकाकी कुंपणापलीकडून म्हणाली. "मी रोज येते साहेब. एक दिस चुकवत नाय." यात अक्षरही खोटं नव्हतं, आपल्या कोंबड्यांमागे ती रोजच येत होती.

साहेबांनी मान डोलावली. मग आईकडे वळून म्हणाले, "चांगुणाबाई, एक अक्षर काढून दाखवता?"

गुरुजींच्या कपाळावरून घाम ओघळून कॉलरमध्ये गेला तो मी पाहिला. माझ्या डोळ्यांपुढे ओढा आला, त्याचं तांबडं पाणी आणि पलीकडची शाळा. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पदर खोचला, साहेबांच्याच बाजूला, अंगणाकडून, जिथे ती रोज पाखडत बसायची तिथे उकिडवी बसली, माझी अक्षरं तळव्याने पुसली, आणि बोटाने हळूहळू, भाकरीची कड वळवावी तसं, काहीतरी काढलं.

ते काय होतं ते मला आधी कळलंच नाही. साहेबांनाही कळलं नाही. त्यांनी मान इकडे कलती केली, तिकडे कलती केली. मग ते उठले, फळीला वळसा घालून भिंतीच्या बाजूला, माझ्या नेहमीच्या जागी आले आणि तिथून पाहिलं. तिथून तो ग होता. स्वच्छ, ठसठशीत, काना सरळ. आईने तो कधी दुसऱ्या बाजूने पाहिलेलाच नव्हता. इतके दिवस समोर बसून ती माझं लिहिणं बघत होती, आणि जसं दिसलं तसं तिने शिकून घेतलं होतं, डोकं खाली, पाय वर.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले.

गुरुजींनी इतका मोठा श्वास सोडला की त्यांचं ते वरचं बटण निसटलं. आणि त्याच वेळी काळी आली. दुपार झाली होती, तिची वेळ झाली होती, आणि समोर साहेब आहेत की आणखी कोणी, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ती काठावरून आत उतरली, ग वर दोन वेळा नखं मारली, कुशीवर कलंडली आणि पंख फुलवून न्हायला लागली. साहेबांचा खाकी कोट क्षणात राखाडी झाला.

"हड! हड गो रांडे!" आई ओरडली आणि लगेच तोंडावर पदर धरला. "साहेब बसल्यात, दिसत नाय तुला?"

"र्‍हाऊ दे गो," हौसाकाकी म्हणाली. "तिचा पन नाव हाय वर्गात."

गुरुजींनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र शांतपणे कोट झाडत होते. आधी एक बाही, मग दुसरी. "पट चांगला दिसतोय," ते म्हणाले, आणि शाळेकडे चालायला लागले.

शाळेत त्यांनी आमची परीक्षा घेतली. मला पाढे विचारले, ते मी न अडखळता म्हटले. पण शाळेचं काय होणार, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना. संध्याकाळी सायकल न्यायला ते पुन्हा आमच्या अंगणात आले. गुरुजी चाक धरून बसले होते. साहेब आईजवळ गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडे राखेत तंबाखूचा चुरा घालायचे. उवा लवकर मरतात. निरगुडीने एवढं होत नाही." आईचा चेहरा पडला. तेव्हा ते हसले. "आणि पावसाळ्यानंतर मी परत येईन. तेव्हा पूर्ण नाव लिहून दाखवा. मी शाळा चालू ठेवायला सांगणार आहे, ते तुमच्या नावावर."

शाळा राहिली. नुसती राहिलीच नाही, तर आता वर्ग खरोखर भरवावा लागला. गुरुजी दुपारची भांडी झाली की आमच्या पडवीत येऊ लागले. कोंबड्यांचं उरकलं की बायकांचं, असा नेम ठरला. आई, हौसाकाकी आणि वाडीतल्या आणखी काही जणी फळीभोवती बसायच्या. हौसाकाकी ह काढताना म्हणायची, "मास्तर, ह्याला येवढं येटाळं कनाला? सरळ काय वाईट होता?" तंबाखूचा चुरा बाच्या चंचीतून जाऊ लागला. बाने तो तपास फार दिवस केला. कारण कळल्यावर तो खुराड्यासमोर उभा राहून म्हणाला, "राब खाल्लात, पडवी घेतलीत, आता तंबाखू पन? बरा हाय. सरकारी कोंबड्या तुमी, तुमाला कापायाची पन चोरी." आणि खरंच, त्यानंतर त्याने रश्श्याचं नाव काढलं नाही.

पावसाळा गेला. आईने तयारी ठेवली होती. साहेब आले नाहीत. पुढच्या वर्षी कोणी दुसरेच आले, त्यांनी शाळा पाहिली, चहा घेतला, आणि पडवीकडे न बघता शहापूरला गेले. आमच्या साहेबांची बदली झाली म्हणून कोणी सांगितलं. मग दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि कोण कुठे गेलं ते कळायला मार्ग राहिला नाही. आई मात्र दर वर्षी भात झोडून झालं की विचारायची, "साहेब कवा यायाचे?" मी शहापूरच्या शाळेत गेलो, तिथून कल्याणला, तिथून मुंबईला. सुट्टीत आलो की धूळ जागेवर असायची. आईकडे अक्षरांविषयी बोलायचं माझ्या मनात येत नसे. ती शिकली आहे असं मी धरून चाललो होतो, आणि शिकलेल्या मुलांना असतात तशी मलाही माझ्या शिक्षणाची कामं होती.

बी. ए. झाल्यावर मी आसनगावला उतरून चालत घरी गेलो. बाने पेढा खाल्ला आणि बैलाला चारला. हौसाकाकीने दृष्ट काढली. गुरुजी तेव्हा निवृत्त होऊन मुरबाडला गेले होते. दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याकडे जायचं होतं. संध्याकाळ उतरत होती, भाताच्या पेंढ्याचा वास होता. आई माझ्या समोर येऊन उभी राहिली.

"तू आता कोन झालास?" तिने विचारलं.

"पदवीधर."

"म्हंजी त्या साहेबाच्या येवढा?"

मी त्या दिवशी जरा फुशारलेलाच होतो. म्हटलं, "जवळजवळ."

"मंग बस तिकडं," ती म्हणाली आणि पडवीच्या कडेकडे बोट दाखवलं, अंगणाच्या बाजूला, जिथे साहेब टेकले होते तिथे. मी बसलो. फळी नवी होती, कामट्या नव्या होत्या, धूळ मात्र तशीच, पिठासारखी. आई फळीला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेली आणि माझ्या समोर बसली. तांबडीच्या वंशातली एक तलंग काठावर येऊन उभी होती, तिला तिने हाताने थोपवलं. धूळ सपाट केली. आणि बोटाने लिहू लागली, उजवीकडून डावीकडे, खालून वर, एकदाही न अडता.

"हे असं का लिहितेस?" मी म्हटलं. "तुझ्या बाजूने उलटं होतंय."

"माज्या बाजूनं कनाला?" ती म्हणाली. "मी थोडीच वाचनार हाय? त्या येळी साहेबाला उठून यायाला लागला. थोर मानूस, घामानं भिजलेला, पानी पन पुरतं प्यायला नव्हता. मला किती दिस तोंड दाखवायाला लाज वाटली. मंग मी असाच शिकून ठेवला." तिने शेवटची रेघ ओढली आणि हात मागे घेतला. "बग. पास?"

तलंग आत उतरायच्या आधी मला तिचं पूर्ण नाव वाचता आलं. बसल्या जागेवरून, मान न वाकवता. मला उठावं लागलं नाही.